गणपतीआधीची सुई

वसईत पापडीपासून निर्मळपर्यंत हेमांगी राऊतला सगळे 'कुत्र्यांची बाई' म्हणतात. तिला त्या नावाचा राग नाही. राग तिला बाकी बऱ्याच गोष्टींचा आहे. 'आमच्याकडे तसलं काही नसतं' या वाक्याचा आहे, ते वाक्य म्हणताना लोक जो चेहरा करतात त्याचा आहे, पोटात एक आणि ओठावर एक ठेवून वर चहा पुढे करणाऱ्यांचा आहे. आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांचा तर इतका आहे की त्यांचा विषय काढला की तिची सासूसुद्धा विषय बदलते, आणि सुभद्राबाईंनी कोणासाठी विषय बदलणं ही सोपी गोष्ट नाही.

उंदरांचा राग जुना आहे. लग्नाआधी हेमांगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि मुंबईत एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात नोकरीला लागली. तिथे उंदरिणींना स्तनाचा कर्करोग लावायचे. लावायचे हाच शब्द खरा, कारण त्या बिचाऱ्यांना तो आपणहून कधी होत नसे. अंगावर केस नसलेल्या, रोगाशी झुंजायची ताकद आधीच काढून घेतलेल्या त्या गुलाबी उंदरिणी. सगळ्या एका वयाच्या, सगळ्या एकीसारख्या एक. गाळलेली हवा, उकळलेलं पाणी, रोज तेच खाणं. त्यांच्या कातडीखाली माणसाच्या गाठीतल्या पेशी टोचायच्या, गाठ वाटाण्याएवढी झाली की औषध सुरू करायचं, आणि गाठ विरघळली की विभागप्रमुख डॉ. भावेश पेढे वाटायचे. औषध बदलायचं, उंदरिणी बदलायच्या, पेढे मात्र त्याच दुकानातले. त्या संस्थेत कर्करोग इतक्या वेळा बरा झाला की हेमांगीला गोडाची शिसारी बसली.

मग तिच्या आईच्या छातीत गाठ निघाली. आई कामणच्या पुढची, चिंचोटीच्या अंगाची. कोवळ्या वयात लग्न, चार बाळंतपणं, शेण, धूर, भाताची लावणी, जावांची टोचणी, वर्षभराचे उपासतापास. एवढं सगळं अंगावरून गेल्यावर उतारवयात तिला गाठ आली. तिला दिलेलं औषध उंदरांवर नामी चाललं होतं. आईवर चाललं नाही. आई गेली त्या महिन्यात प्राणीगृहात पुन्हा पेढे आले. हेमांगीने पेढा हातात घेतला, डॉ. भावेश यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, या उंदरिणीचं लग्न झालं होतं का?"

डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला. हेमांगीने पेढा टेबलावर ठेवला आणि नोकरी सोडली. पुढे तिचं लग्न झालं, ती वसईत आली, राऊतांच्या वाडीत केळी-सायलीच्या बागेत सून म्हणून नांदू लागली, आणि उंदीर मागे पडले असं तिला वाटलं.

ते तसे मागे पडले नाहीत, याला कारण डॉ. रुचिता. रुचिता प्राण्यांची डॉक्टर. आईवडील नोकरीपायी देशावरून आलेले, तिचं बालपण वसईतल्याच एका फ्लॅटमध्ये गेलेलं. तिच्या दवाखान्यात म्हाताऱ्या कुत्र्या यायच्या आणि त्यांच्या सडांमध्ये गाठी असायच्या. एक नाही, दोन नाही, रांगच. रुचिताच्या लक्षात आलं की हा तर बायकांसारखाच आजार आहे. कोणी टोचलेला नाही, कोणी लावलेला नाही. कुत्री आपल्याच घरात राहते, आपलंच पाणी पिते, आपलंच उरलेलं खाते, आपल्याच रस्त्यावरचा धूर घेते, म्हातारी होते, आणि मग तिला आपलं आपणच होतं. एका मोठ्या संशोधन केंद्राशी बोलणी करून तिने अभ्यास सुरू केला. ज्या पाळीव कुत्र्यांना गाठ आली आहे त्यांची शस्त्रक्रिया फुकट करायची, जी एरवीही करावीच लागली असती. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवायचा. आणि कुत्री घरी परत गेल्यावर तिच्याकडे लक्ष ठेवायचं. बायकांच्या आजाराबद्दल उंदराने जे कधी सांगितलं नाही ते कदाचित ही सांगेल, एवढीच आशा.

पण त्यासाठी त्या कुत्रीचा सगळा इतिहास हवा. किती वेळा व्याली, काय खाते, कसली औषधं झाली. आणि मुख्य म्हणजे, माजावर येऊ नये म्हणून तिला कधी सुई दिली होती का. ती सुई हॉर्मोनची असते आणि कुत्र्यांमध्ये तिने अशा गाठींचा धोका वाढतो, हे डॉक्टर लोकांना ठाऊक आहे. किती वाढतो, कोणत्या गाठीत वाढतो, हे नीट कळायला हवं होतं. घरोघर जाऊन विचारायला रुचिताला कोणीतरी हवं होतं, कुत्र्याला न भिणारं आणि माणसाला तर मुळीच न भिणारं. हेमांगी तिच्याकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली.

"बीएशी केलं ते कुत्र्यांच्या सडांना हात लावायला," सुभद्राबाई म्हणाल्या.

"उंदरांच्या लावत होते, आई. ही बढती आहे."

आता इतिहास विचारायचा म्हणजे लोकांना खरं बोलायला लावायचं, आणि वसईत ते किती अवघड आहे हे हेमांगीला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. सुई दिली होती का, या प्रश्नाला एकजात सगळे 'छे' म्हणत. बंगलेवाले छे म्हणत, चाळवाले छे म्हणत, देवळाशेजारचे छे म्हणत आणि चर्चशेजारचेही छे. सुई कोणी दिलेलीच नव्हती. मग औषधाच्या दुकानात ती सुई येते कशाला आणि संपते कशी, हे त्या गणपतीलाच माहीत. रुचिताने सगळी उत्तरं पाहून कपाळाला हात लावला. "असल्या उत्तरांपेक्षा उंदीर बरे," ती म्हणाली, आणि ते वाक्य हेमांगीच्या फार वर्मी लागलं. ज्या उंदरांवर ती थुंकली होती ते वसईच्या खोटेपणामुळे शहाणे ठरणार होते.

सुधाकरराव बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे अध्यक्ष. त्यांच्याकडे प्रिन्सेस नावाची जाडजूड लॅब्रेडोर, तिच्या मागच्या सडात लिंबाएवढी गाठ. सुधाकरराव सोफ्यावर टेकून म्हणाले, "इंजेक्शन? नो, नो. आम्ही सुशिक्षित माणसं आहोत, मॅडम. मुलीसारखी वाढवलीय."

हेमांगी मुलगी या शब्दाकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग तिला काय सुचलं कोण जाणे, चहाचा कप उचलत तिने सहज विचारलं, "गणपतीत कसं करता हो तुम्ही हिचं?"

आतून त्यांची बायको वसुंधरा पदर खोचत बाहेर आली. "अगं, ते तर विचारूच नकोस! तुला माहीत आहे ना, भाद्रपद म्हणजे कुत्र्यांचा महिना. एका वर्षी वर आरती चाललीय, सगळे पाहुणे आलेत, आणि खाली गेटवर ही एवढी कुत्र्यांची झुंबड! वॉचमन काठी आपटतोय, ते भांडतायत, बोंबलतायत, नाही नाही ते चाळे. माझ्या नणदेची मुलं गॅलरीतून विचारतात, मामी, ते काय करतायत? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून हे दर श्रावणात तिला नेऊन सुई टोचून आणतात. मग भाद्रपद कसा शांत!"

"म्हणजे इंजेक्शन देता."

"ते औषध थोडंच आहे?" सुधाकरराव खरोखर चकित होऊन म्हणाले. "ते गणपतीसाठी."

हेमांगीला हसू आवरेना. हा माणूस खोटं बोलला नव्हता, हीच तर गंमत. त्याच्या हिशेबी औषध म्हणजे आजारासाठी. देवासाठी, पाहुण्यांसाठी, लाज राखण्यासाठी जे टोचायचं ते औषध नव्हेच, ते मखर लावण्यासारखं, पडदे धुण्यासारखं. सणाची तयारी.

त्या दिवसापासून तिने सुईचं नाव टाकलं. ती फक्त विचारी, "गणपतीत कसं करता?" आणि सगळी वसई भडाभडा सांगू लागली. ख्रिस्ती घरात ती विचारी, "लग्न निघालं की कसं करता?" शेजारचा फर्डिनंड छातीवर हात ठेवून म्हणाला, "आमच्याकडे सुईबिई नाय हां. आम्ही निसर्गावर सोडतो." लगेच मागच्या दारातून त्याची बायको मर्सी ओरडली, "निसर्गावर? आणि अ‍ॅनिशाच्या लग्नात मांडवात लोक नाचणार म्हणून डॉलीला स्कूटरवर घालून कोण घेऊन गेलं होतं? निसर्ग?" पाचूबंदरला एक कोळीण माशांची पाटी खाली न ठेवताच म्हणाली, "आमच्यात गनपती दीड दिसाचा, पन सुई दर साल. लिव. पन आमचं नाव घेऊ नको कुठं, बाय, आमी तशी मानसं नाय." तशी माणसं नसलेली माणसं हेमांगीला त्या वर्षी इतकी भेटली की तशी असलेली कुठे राहतात याचाच तिला प्रश्न पडला.

तिला भारी मजा येऊ लागली. घरी येऊन ती नवऱ्याला, अनुजला, एकेकाची नक्कल करून दाखवी. अनुज हसे, पण जरा जपून हसे, आणि ते तिच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आपण तेवढे धुतल्या तांदळासारखे, बाकी सगळी वसई ढोंगी, ही समजूत माणसाला फार आंधळी करते. हेमांगीला तिने पुरती आंधळी केली होती.

राऊतांच्या ओटीवर राणी पडलेली असे. करड्या रंगाची, गावठी, आता म्हातारी. गावभरच्या कुत्र्यांच्या सडांवरून हात फिरवणाऱ्या हेमांगीने घरच्या राणीवरून मात्र कधी हात फिरवला नव्हता. एका संध्याकाळी राणी उताणी झोपली होती आणि हेमांगी शेजारी बसून तिच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होती, तेव्हा बोटांना गाठ लागली. मग दुसरी लागली. ती तशीच हात ठेवून बसून राहिली, आणि राणीला वाटलं लाड चाललेत, म्हणून तिने शेपटी हलवली.

दुसऱ्या दिवशी राणीला दवाखान्यात नेलं. सुभद्राबाई चांगलं लुगडं नेसून बरोबर आल्या, कारण राणी त्यांची. राणीला पिलू असताना बाजारातून पदराखाली घेऊन त्याच आल्या होत्या. शस्त्रक्रिया करावी लागेल, रुचिता म्हणाली, आणि राणी अभ्यासातही घेता येईल. मग तिने विचारलं, "आजी, हिला कधी सुई दिली होती का?"

"नाय नाय. आमच्या घरात देवधर्म हाय. सुई कसली?"

हेमांगीने सासूकडे पाहिलं. तोच चेहरा. सुधाकररावांचा, फर्डिनंडचा, पाचूबंदरच्या कोळणीचा. तिला तो आता अंधारातही ओळखू आला असता. तिच्या मनात राग भरून आला. खोटा इतिहास अभ्यासात गेला तर राणीची गाठ फुकट जाणार होती. तिचं सोसणं कोणाच्याच कामी येणार नव्हतं, जसं आईचं आलं नव्हतं.

श्रावण लागला होता. दुपारी दोघी मागल्या पडवीत वालाचं बिरडं सोलत बसल्या. सुभद्राबाईंचा हात भराभर चालत होता. हेमांगीने सोललेला दाणा परातीत टाकला आणि अगदी सहज, जशी ती परक्या घरात विचारी तशी, म्हणाली, "आई, गणपतीत तुम्ही राणीचं कसं करता?"

"कसं म्हंजे?" सुभद्राबाई खूश झाल्या. सुनेने आपल्याला काही विचारावं असं फार क्वचित घडे. "अगं, दर श्रावनात अनुज तिला सुई टोचून आनतो. नाहीतर गौरीच्या जेवनाला एवढी मानसं, आनि ओटीखाली कुत्र्यांचा तमाशा. काय म्हनतील लोकं? मी त्याला सांगून ठेवलंय, एकाच फेरीत दोन्ही करायचं. रानीची सुई आनि तुझी गोळी. दोघींचं एकदम उरकलं की मी मोकळी."

हेमांगीच्या हातातला वाल तसाच राहिला.

गोळी. पाळी पुढे ढकलायची गोळी. गौरीच्या दिवसांत सून 'बाहेर' बसली तर सोवळ्याचं कोण करणार, म्हणून. लग्न झाल्यापासून दर वर्षी. गौरीला घेतली की मार्गशीर्षातल्या गुरुवारांना, सत्यनारायणाला, दिराच्या लग्नाला, नणदेच्या डोहाळजेवणाला. अनुज ती भाजीच्या पिशवीत घालून आणायचा, ती पाण्याबरोबर गिळायची, आणि कोणाच्याच मनात काही यायचं नाही. तिच्याही नाही. गेल्याच वर्षी आरोग्य शिबिरात एका डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, आईला कर्करोग होता म्हणता, तुम्ही हॉर्मोनची काही औषधं घेता का? आणि हेमांगी राऊत, वसईच्या खोटेपणावर हसणारी हेमांगी, चटकन म्हणाली होती, "छे, औषधं कसली?" तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. ते औषध थोडंच होतं. ते गणपतीसाठी होतं.

तोच चेहरा तिने तेव्हा केला असणार. आणि तिच्या आईने केला असणार. आईलाही तो प्रश्न विचारला होता, हेमांगी शेजारीच उभी होती. "देवाधर्माचं घर आहे हो," आई अभिमानाने म्हणाली होती, "औषधबिवषध कधी काही नाही." आईच्या माहेरी, सासरी, जावांच्यात ती गोळी नसेलच असं हेमांगी आता सांगू शकत नव्हती. त्या गोळीने काही केलं की नाही, हेही कोणी सांगू शकणार नव्हतं, कारण आईने ते सांगितलंच नव्हतं. उंदरीण बोलू शकत नाही म्हणून हेमांगी तिच्यावर चिडत होती. पण आई तर बोलू शकत होती.

तिला स्वतःची इतकी चीड आली की ती उठली आणि पडवीच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. "काय झालं गो?" सुभद्राबाई आतून म्हणाल्या. "बिरडं राहिलं ना."

दुसऱ्या दिवशी तिने रुचिताला राणीचं सगळं सांगितलं. मग स्वतःचं सांगितलं. "हे बघ हेमांगी," रुचिता म्हणाली, "कुत्रीची सुई महिनोन्‌महिने अंगात राहते, तुझी गोळी काही दिवसांची. दोन्ही एक नव्हेत. गोळीने तुला काही होईल असं मी म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. मी कुत्र्यांची डॉक्टर. तू बायकांच्या डॉक्टरकडे जा, तपासून घे, आणि या खेपेला खरं सांग."

ती गेली. शिबिरातल्या त्याच डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गाठ नव्हती. मग आईचं ऐकून आणि गोळ्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, दर वर्षी तपासायला यायचं, आणि आम्हाला विचारल्याशिवाय ही गोळी पुन्हा घ्यायची नाही. "आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. हेमांगीला उत्तर माहीत होतं, पण ते इतकं हास्यास्पद होतं की तिने सांगितलं नाही.

राणीची शस्त्रक्रिया झाली. एका बाजूची सडांची पूर्ण ओळ काढली, गर्भाशयही काढलं. राणी पोटाला पट्टा बांधून, डोळे अर्धे मिटून घरी आली, आणि मग सुभद्राबाईंच्या प्रेमाला जो पूर आला तो काय सांगावा. गरम दूध. मऊ भात. पायाशी जुनी गोधडी, डोक्याखाली दुसरी. श्रावण असूनही शेजारून मर्सीकडून माशाचं कालवण आणून राणीला चोरून भरवलं. कोणी आलं की सुभद्राबाई सांगत, "माझी रानी संशोधनात हाय. तिच्या गाठीचा तुकडा लांब पाठवलाय. जगातल्या बायकांसाठी." आणि मग डोळ्यांना पदर लावून, "किती सोसलं गो बिचारीनं. ती मेली सुई! मला काय ठाऊक? आता डॉक्टरनीनं सांगितलंय, तिला पुन्हा कसलीच सुई नको."

सुई दिली नाही असं याच बाईने दवाखान्यात छातीठोकपणे सांगितलं होतं, हे त्या पार विसरल्या होत्या. हेमांगी हे सगळं चुलीपाशी उभी राहून ऐकायची. आपलं काही कोणी विचारत नाही याचं तिला वाईट वाटलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. तिला फार वाईट वाटलं. एका कुत्रीचा इतिहास विचारायला दवाखाना उभा राहिला, तिच्या प्रत्येक वेताची चौकशी झाली. हेमांगीला मात्र या घरात इतक्या वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं, तारखेखेरीज.

आणि तारीख विचारली गेलीच. गणपतीच्या आदल्या आठवड्यात अनुज बाजारातून आला. पिशवीत सुपारी, कापूर, अगरबत्ती, आणि तळाशी गोळ्यांची पट्टी. त्याने ती मुकाट्याने फडताळात ठेवली. सुभद्राबाई ओटीवर राणीला थोपटत होत्या. तिथूनच त्यांनी हाक मारली.

"हेमांगी, यंदा रानीला सुई नाय हां. तिच्या अंगाला बाधते ती. तू मात्र परवापासून गोळी सुरू कर."

हेमांगी ओटीवर आली. पट्टी तिच्या हातात होती. "आई, जे राणीच्या अंगाला बाधतं, ते माझ्या अंगाला बाधणार नाही?"

"अगं," सुभद्राबाई थोपटणं न थांबवता, समजूत घालावी तशा म्हणाल्या, "ती कुत्री हाय."

अनुजने मान खाली घातली. राणीने शेपटी हलवली. हेमांगी सासूच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिथे दुष्टपणा नव्हता, लबाडीही नव्हती, आणि तेच तिला सहन होईना. कुत्रीचं अंग अंग असतं, ते दुखतं, त्याला बाधतं. सुनेचं अंग हे सणाच्या सामानातलं. तिने पट्टी अनुजच्या हातात परत दिली. "ही परत कर," ती म्हणाली. "आणि या घरात माझ्यासाठी पुन्हा आणू नकोस. माझी आई गेलीय. डॉक्टरांनी मला नको सांगितलंय. पुढच्या खेपेला मला विचारायचं असेल तर आधी विचार, मग बाजारात जा." अनुजने ती घेतली आणि पुन्हा पिशवीच्या तळाशी टाकली. माणूस वाईट नाही तो. नुसता पिशवी आहे.

गौरी जेवल्या त्या दिवशी हेमांगी ओटीच्या कोपऱ्यात चटईवर बसली होती, आणि शेजारी राणी. आत सुभद्राबाई घामाघूम होऊन एकट्याने सगळं रांधत होत्या. पाहुण्या बायका येत होत्या, ओटीवर थबकत होत्या, डोळ्यांनीच विचारत होत्या. सुभद्राबाई आतून प्रत्येकीला ऐकू जाईल असं म्हणत होत्या, "ताप आलाय तिला. अंगात कनकन हाय."

"ताप नाही," हेमांगी बाहेरून प्रत्येकीला तेवढ्याच मोठ्याने सांगे. "पाळी आली आहे. यंदा गोळी घेतली नाही."

बायकांनी पदर तोंडावर धरले. एकदोघी हसल्या. एक चुलतसासू 'आजकालच्या मुली' असं काहीसं पुटपुटत आत गेली आणि जेवून गेली, व्यवस्थित, दोन वेळा वाढून घेऊन. हेमांगीला त्यांच्यावर हसायचं होतं, पण या खेपेला तिला तो हक्क पूर्वीसारखा वाटेना. ती राणीच्या कानामागे खाजवत राहिली.

फुलं घ्यायला नेहमी वाडीत येणारी वसुंधरा, सुधाकररावांची बायको, गौरी बघायला आली होती. आत जाऊन ओटी भरून ती परत बाहेर आली, चपला पायात घालता घालता थांबली, आणि राणीला हात लावायला म्हणून खाली वाकली. इकडेतिकडे पाहून घेतलं.

"हेमांगी," ती हलक्या आवाजात म्हणाली, "ती गोळी... म्हणजे मी आता नाही घेत, माझं वय झालं. पण माझी सून घेते. मीच देते तिला. पण ते काही औषध नसतं ना?"

हेमांगीने चटई सरकवून जागा केली.

"बसा वहिनी," ती म्हणाली. "गणपतीत कसं करता तुम्ही, ते सगळं सांगा मला. पहिल्यापासून."

वसुंधराने आत एकदा पाहिलं, चपला काढल्या, आणि ती राणीच्या पलीकडे टेकली.